काडी

वाशी, सेक्टर सतरा. काचेच्या टेबलावर
मोईनने तीन डब्या मांडल्या
पत्ते वाटल्यासारख्या, सावकाश.
ही बावीसशेची, ही चौतीसशेची,
आणि ही, मावशी, पाच हजारांना दहा कमी.
तिन्हींच्या आत एकेक काडी, अंगठ्याएवढी,
टीव्हीच्या पाठीत खोचायची.
हिच्यात सगळी दुनिया मावते, म्हणाला.
म्हटलं, दुनिया राहू दे,
साताऱ्याकडच्या कुस्त्या मावतात का?

हिंजवडीहून सुवर्णाने तक्ता पाठवलेला,
उभ्या रेघा, आडव्या रेघा,
कुणाला किती जीबी, कुणाचं चित्र किती स्वच्छ.
शेवटी लिहिलेलं: आई, मधली घे.
तेच ठरवून निघाले होते कोपरखैरण्याहून.
रिक्षासुद्धा थांबवून ठेवली होती.

मग मोईनने रिमोट काढले.
बावीसशेवालीला नुसती बटणं.
मधलीला बोलायची सोय.
हे दाबा, तोंडाजवळ धरा, बोला.
तुमचं माणूस बोललं की ती ऐकते.

मी डबी खाली ठेवली.

आमचं माणूस
एकतीस वर्षं दाणा मार्केटात मापाडी.
एक म्हणायचे नाहीत, एकाला लाभ म्हणायचे.
लाभ, दोन, तीन, असं गळ्यातून ओढून
की चार गाळे पलीकडचा मेहता
त्या आवाजावर आपली वही लिहायचा.
घरी भाकऱ्या मोजतानाही लाभ.
सुवर्णा शाळेत बे लाभे बे म्हणाली
आणि बाईंनी तिला बाकावर उभं केलं.

मागच्या पौषात, चहा पिताना,
कपाच्या आधी शब्द सांडले.
हात आला परत, पाय आला,
वाकडी झालेली मिशी सरळ झाली.
शब्द आले ते भलत्याच पत्त्यावर:
पाण्याला म्हणतात चावी,
मला म्हणतात सोमवार.

ऐरोलीच्या थेरपीवाल्या बाई सांगतात,
बोलतं ठेवा. वाक्य तुम्ही पुरं करू नका.
मी करते.
कुकर ओरडत असतो, खाली घंटागाडी आलेली,
आणि हे प… प… वर अडकलेले.
मी पंखा म्हणून टाकते, पंखा लावतेही.
त्यांना पेपर हवा असतो.
पंख्याने तो उडतो.

म्हणजे बावीसशेचीच बरी.
बटणांना जीभ लागत नाही.
खाली, खाली, उजवीकडे, मधलं गोल.
पर्स उघडली, पाचशेच्या नोटा सुट्या केल्या, आणि
नाही कळलं तर काय करते ती?
माझंच तोंड विचारून गेलं.

काही नाही, मावशी. सॉरी म्हणते.
फिर से बोलिए म्हणते.

किती वेळा?

तो हसला. हे त्याच्या डबीवर छापलेलं नव्हतं.
कितीही. तिचं कुठे गॅसवर दूध आहे?

मधली घेतली.
वॉरंटीच्या कार्डावर नाव विचारलं,
मी उखाण्याशिवाय घेतलं: हिंदुराव.
रिक्षावाल्याने थांबल्याचे चाळीस जास्त लावले,
त्याच्याशी भांडले मात्र पूर्ण वाक्यांत.

तीन दिवस रिमोट उशाशी पडून.
चौथ्या दुपारी मी भांडी घासत होते,
बाहेरून आवाज आला, जुना, ओढलेला:
लाभ.
टीव्हीवर कुणी टकला गृहस्थ
शेअर बाजार समजावू लागला.
थांबले. पुन्हा दाबलं. पुन्हा लाभ, पुन्हा टकला.
फिर से बोलिए. फिर से बोलिए.
मी साबणाचे हात तसेच धरून उभी,
जीभ दातांखाली,
की माझ्याकडून पुरं होऊ नये.

मग फार वेळ काहीच नाही.
मग हळू,
सोमवार.

टीव्हीने बेलाची पानं दाखवली, पिंड, घंटा,
सोळा सोमवारांची कहाणी पहिल्यापासून सुरू केली.

मी नळ बंद केला.
आले, म्हटलं.